पावसात उभ्या लाकडाला व्हार्निश नको
अंगणातल्या सागवानी बाकाला चकचकीत व्हार्निश मारू नका. ऊन-पावसात लाकूड फुगतं, आकसतं. वरचा पापुद्रा तडकतो, पाणी आत शिरतं आणि मग सगळं खरवडत बसावं लागतं. त्यापेक्षा लाकडात मुरणारं, बाहेरच्या कामाचं वुड ऑइल घ्या, तेही रंगद्रव्य असलेलं. ऊन तेच अडवतं. एप्रिल-मेमध्ये लाकूड पूर्ण वाळलेलं असताना दोन पातळ हात द्या. पायांचे तळ आणि फळ्यांची कापलेली टोकं मात्र तेल पिणं थांबेपर्यंत भिजवा, कुजणं बहुतेक तिथूनच सुरू होतं. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचे थेंब टाकून बघा. मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक. मुरले तर धुऊन, वाळवून एक हात पुरे. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतात; उघड्यावर पसरून वाळवा.