मृत्युपत्र कसे करावे: घरच्यांसाठी आणि एखाद्या सार्वजनिक संस्थेसाठीही

वकिलाकडे जाण्याआधी घरातले कपाट उघडावे. ठेवींच्या पावत्या, विमा पॉलिसी, सातबारा, घराचा करारनामा, डीमॅट खाते यांची यादी करावी आणि तिच्यातच फेडायची राहिलेली कर्जेही लिहावीत, कारण देणी भागवून उरेल तेच वारसांच्या हाती येते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत हिंदू व्यक्तीला केवळ स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीपासून त्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

सर्वत्र नॉमिनी नेमला आहे म्हणून पुष्कळ जण मृत्युपत्र टाळतात. हा समज महागात पडतो. शेअर्सचा नॉमिनी त्यांचा मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले; वारसा हा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरतो.

आता मजकूर. ‘बँकेतील रक्कम मुलांनी वाटून घ्यावी’ हे वाक्य भांडणाला आमंत्रण आहे. कोणती बँक, कोणती शाखा, कोणाला किती हिस्सा, हे लिहावे. मात्र नुसत्या पावती क्रमांकावर विसंबू नये, कारण ठेवीचे नूतनीकरण झाले की तो बदलू शकतो. उल्लेख राहून गेलेली आणि पुढे मिळणारी मालमत्ता कोणाची, यासाठी शेवटी एक स्वतंत्र कलम हवेच. एखाद्याला कमी दिले असेल, तर त्याचे कारण दोन ओळींत नोंदवावे आणि, अवघड वाटले तरी, त्याला ते हयातीतच सांगावे. ती जबाबदारी कागदावर ढकलता येत नाही.

वाचनालयाला किंवा शाळेला काही द्यायचे असल्यास ‘गावच्या वाचनालयास’ एवढे पुरत नाही. संस्थेचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्कम कशासाठी वापरायची ते लिहावे. ती संस्था तोवर बंद पडली तर पैसे कोणाकडे जावेत, हेही ठरवावे. विश्वस्तांना आधी विचारणे उत्तम, कारण देखभालीच्या खर्चाची सोय न करता दिलेली इमारत छोट्या संस्थेला ओझे होते.

भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ती आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी वादाची शक्यता असेल तर नोंदणी करावी. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमावा, पण त्याची संमती घेऊनच.

नवे मृत्युपत्र केल्यास आधीची सर्व रद्द केल्याचे त्यात तारखेसह लिहावे. मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो उघडण्यासाठीच वारसांना आधी कागदपत्रांची पूर्तता करावी लागते. ती घरातच सुरक्षित ठेवून जागा व्यवस्थापकाला सांगावी.