प्राण्यांकडून येणारे जंत: या चुका टाळा

घरात कुत्रं किंवा मांजर आहे, म्हणून सगळ्यांनी अधूनमधून जंताची एक गोळी घेतली की काम झालं, असा समज बऱ्याच घरांत असतो. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच चुकीची. प्राण्यांकडून येणारे कित्येक जंत माणसाच्या आतड्यात राहतच नाहीत. कुत्र्या-मांजरांतल्या टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी आपल्या पोटात गेली, की त्यातून निघालेल्या अळ्या आतड्याची भिंत भेदून यकृतात, फुप्फुसांत, कधी थेट डोळ्यात जातात. माणसात त्यांची पूर्ण वाढ होत नाही, त्यामुळे त्या अंडीही घालत नाहीत. म्हणूनच ‘शौचाची तपासणी नॉर्मल आली’ यावर निर्धास्त राहू नका. टॉक्सोकारासाठी रक्ततपासणी लागते, हायडॅटिडच्या गाठीसाठी (कुत्र्यातल्या एका फीतकृमीच्या अंड्यांमुळे बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होणारी पाण्याने भरलेली गाठ) सोनोग्राफी. घरात कोणते प्राणी आहेत हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

आणि फिट येत असतील तर मनाने जंताची गोळी मुळीच घेऊ नका. मेंदूत डुकराच्या फीतकृमीच्या गाठी असतील तर औषधाने त्या मरताना आजूबाजूला सूज येते आणि झटके वाढू शकतात. त्यामुळे डॉक्टर आधी मेंदूचा स्कॅन करतात आणि सूज आवरायला स्टेरॉइडही देतात.

‘आम्ही डुकराचं मांस खातच नाही, मग आमच्या मेंदूत गाठ कशी?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचं गणित चुकतं. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी बाहेर पडतात फीतकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून. शौचानंतर नीट न धुतलेले हात, दूषित पाणी, न धुतलेली पालेभाजी यांतून ती कोणाच्याही ताटात येऊ शकतात. शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही.

पिल्लू गुटगुटीत दिसतं म्हणून औषध लांबवू नका. कुत्रीच्या पोटात असतानाच पिल्लांना गोलकृमीची लागण होते, म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयातच देतात. विष्ठा रोजच्या रोज उचला. टॉक्सोकाराची ताजी अंडी लगेच लागण करत नाहीत. त्यांना तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नंतर ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हायडॅटिडच्या कृमीची अंडी मात्र बाहेर पडतानाच तयार असतात. हा कृमी कुत्र्यात येतो तो मेंढी-बकरीचं गाठी असलेलं कच्चं यकृत किंवा फुप्फुस खाल्ल्याने, तेव्हा असे अवयव कुत्र्यापुढे कधीच टाकू नका.

औषध देऊनही कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळासारखे पांढरे, वळवळणारे तुकडे पुन्हा दिसतात? दोन गोष्टी तपासा. सगळी जंतनाशकं सगळ्या कृमींवर चालत नाहीत. हे तुकडे फीतकृमीचे असतात आणि त्याच्यासाठी बहुधा प्राझिक्वांटेल हे औषध लागतं. दुसरं म्हणजे पिसवा. हा फीतकृमी पिसवेतूनच पसरतो, त्यामुळे अंगावरच्या आणि अंथरुणातल्या पिसवा गेल्या नाहीत तर औषध कितीही द्या, काही आठवड्यांत तो परत येतो. लहान मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यांनाही तो होतो.

सॅनिटायझरने कृमींची अंडी मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळा, नखांखालची माती काढा. मांस खारवलं, वाळवलं किंवा धुरी दिली म्हणजे ते निर्धोक झालं असंही समजू नका. डुकराचा खिमा आणि रानटी जनावरांचं मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस व्हायला हवं, आणि हे रंगावरून कळत नाही, थर्मामीटर लागतो. गोठवण्यावर तर अजिबात विसंबू नका, कारण रानटी प्राण्यांच्या मांसात असणाऱ्या ट्रिकिनेला या गोलकृमीच्या काही जाती थंडी सोसतात.

शेवटी एक अन्याय थांबवा. मुलाला रात्री गुदद्वारापाशी खाज सुटली की घरातल्या कुत्र्याला दोष देऊन बाहेर काढलं जातं. ही खाज बहुतेकदा सूतकृमीची असते आणि तो माणसाकडूनच माणसाला होतो. कुत्र्याला राहू द्या. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध द्या, दोन आठवड्यांनी दुसरा डोस द्या, आणि चादरी व आतले कपडे गरम पाण्यात धुवा.