ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत इंटिरियर डिझाइन शिकायला जाताय? मी केलेल्या या चुका टाळा

परवा आमच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आईला घेऊन आली, हातात अमेरिकेतल्या तीन युनिव्हर्सिट्यांचे प्रिंटआउट, तिन्ही ख्रिश्चन, तिन्ही ठिकाणी इंटिरियर डिझाइन. काकूंचा पहिला प्रश्न, "तिकडे धर्म बदलायला लावतात का गं?" आणि मुलीचा पहिला प्रश्न, "ताई, मॅकबुकच घेऊ ना?" मी म्हटलं दोन्हीचं उत्तर एकच, "नाही". पण या दोघींनी जे विचारलंच नाही ना, त्यात माझं अख्खं एक वर्ष आणि बाबांच्या पीएफचा मोठा लचका गेलाय, म्हणून म्हटलं बसा, चहा टाकते.

मी ठाण्यातल्या पाचपाखाडीची. शिकले अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या गावातल्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत, नाव नाही घेत, कारण चूक बरीचशी माझीच होती. आता घोडबंदर रोडच्या टॉवरमधले टू बीएचके सजवते. तर ऐका.

चॅपलला शाळेतली प्रार्थना समजू नका

आपल्याकडे सकाळची प्रार्थना चुकली तर फार तर पीटीच्या सरांनी ग्राउंडला चक्कर मारायला लावली, संपला विषय. मी तेच डोक्यात घेऊन गेले. चॅपल म्हणजे अर्धा तास, गाणी, कोणीतरी बोलणार, दारात कार्ड स्वाइप करायचं. आणि इंटिरियरच्या स्टुडिओचं, म्हणजे डिझाइनच्या मुख्य प्रॅक्टिकल कोर्सचं, असं असतं की सबमिशनच्या आठवड्यात रात्री तीनला फोमबोर्ड कापत बसलेले असतो, बोटाला बँडेड, केसात गोंद, सकाळी कोण उठतंय. एक चुकलं, चार चुकले, मग मोजायचंच सोडलं. वॉर्निंगचे मेल युनिव्हर्सिटीच्या आयडीवर येत होते आणि मी बघायचे फक्त जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी लॉगिन केलं तर अकाउंटवर होल्ड, म्हणजे रजिस्ट्रेशनच अडवलेलं. तो काढायला चुकलेल्या चॅपलच्या बदल्यातली कामं लिहून द्या, ऑफिसात जा, सही आणा, यात चार दिवस गेले आणि तोवर तिसऱ्या स्टुडिओची सगळी टेबलं भरली होती. बरं, स्टुडिओ हे काही बीकॉमचे विषय नाहीत की नंतर एटीकेटी देऊन सोडवले, ते जिन्यासारखे असतात, एक पायरी चढल्याशिवाय पुढची नाही, आणि आमच्याकडे तिसरा स्टुडिओ फक्त ऑगस्टच्या सेमिस्टरला असायचा. म्हणजे वर्ष गेलं. वर एफ-वन या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, त्यामुळे त्या वर्षात पैसे भरून मी सिरॅमिक्स आणि बॅडमिंटन शिकले. बॅडमिंटन. ठाण्यातून जाऊन.

तर करायचं काय? ऑफर लेटर आलं की कॅम्पसचे फोटो बघण्याआधी त्या वर्षाचं स्टुडंट हँडबुक उघडायचं आणि त्यात चॅपल, गैरहजेरी, होल्ड हे तीन शब्द शोधायचे. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा असतो हं. टेक्सासात वेकोला बेलर आहे, बॅप्टिस्ट, १८४५ पासूनची, तिथे पदवीच्या मुलांना दोन सेमिस्टर चॅपल. आर्कन्सॉत सर्सी गावातल्या हार्डिंगला सोमवार ते शुक्रवार रोज, आणि फुल टाइम असाल तर दर सेमिस्टरला बायबलचा एक कोर्ससुद्धा. दोन्हीकडे इंटिरियर डिझाइन आहे, पण तुमचं वेळापत्रक पूर्णच वेगळं होणार. (बेलरला १९९६ पर्यंत कॅम्पसवर डान्सलाच बंदी होती, हे मला नंतर कळलं. आपल्या गणपतीतल्या मिरवणुकीचं तिथे काय झालं असतं कोण जाणे.) बऱ्याच ठिकाणी नोकरीमुळे किंवा क्लासमुळे सूट मागायचा फॉर्म असतो, तो सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात भरायचा असतो, वीस चुकल्यावर नाही.

काकूंच्या प्रश्नाबद्दल: माझा धर्म कोणी बदलायला लावला नाही. बोलावलं खूप जणांनी, प्रेमानं, आणि नाही म्हटल्यावर पुढच्या रविवारी परत प्रेमानं. पण काही युनिव्हर्सिट्या विद्यार्थ्याकडूनसुद्धा श्रद्धेचं लेखी निवेदन मागतात, तिथे खोटं लिहून जाऊ नका, सरळ दुसरीकडे अर्ज करा. आणि कॅम्पसवर दारू नाही, होस्टेलमध्ये मुलांनी मुलींकडे येण्याच्या ठरलेल्या वेळा, हे सगळं सही करून मान्य केलेलं असतं, नंतर "हे काय अमेरिकेत" म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

बायबलच्या पेपरात सर्वधर्मसमभावाचा निबंध लिहू नका

हे मी केलं. पहिल्या पेपरात एक उतारा दिला होता आणि मी दहावीच्या सवयीनं लिहून आले की सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात, माणुसकी हाच खरा धर्म, वगैरे. सी मिळाला. प्रोफेसर बिचारे समजावून सांगत होते की तुला काय वाटतं ते नंतर, आधी हा उतारा कोणी कोणासाठी लिहिला, या ओळीत हाच शब्द का आला, ते सांग. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमची आजी कौपिनेश्वरला कीर्तनाला न्यायची, बुवा एकच अभंग घ्यायचे आणि दीड तास त्याच्या एकेका शब्दाचं निरूपण. तेच करायचं होतं. तुमची श्रद्धा कोणी तपासत नाही, वाचन तपासतात.

दुसऱ्या पेपरला मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा २६ वा अध्याय घेतला आणि खरं सांगते, मजा आली. त्यात पवित्र तंबू कसा बांधायचा ते आहे: दहा पडदे, प्रत्येक २८ हात लांब, ४ हात रुंद, कडेला पन्नास पन्नास फासे, ते जोडायला सोन्याचे पन्नास आकडे, बाभळीच्या फळ्या १० हात उंच आणि दीड हात रुंद. अहो ही तर कटिंग लिस्ट आहे! आमचा सुतार यापेक्षा कमी माहितीवर वॉर्डरोब बनवतो. मी तंबूचा प्लॅन स्केलला काढून पेपराला जोडला आणि ए आला. म्हणून म्हणते, बायबलचे कोर्स "मधे आलेलं झेंगट" म्हणून शेवटच्या वर्षावर ढकलू नका, थीसिसच्या वर्षी ते अंगावर येतात.

स्केलची पट्टी, आणि चौथी सीट

जाताना मी ठाणे स्टेशनजवळच्या स्टेशनरीतून मस्त त्रिकोणी स्केल घेतली, १:५०, १:१००, आपली नेहमीची. तिकडे सगळं पाव इंच बरोबर एक फूट, म्हणजे १:४८. दिसायला जवळजवळ सारखंच, आणि तिथेच फसायला होतं. दहा फुटांची भिंत त्यांच्या स्केलला साडेसहा सेंटीमीटरच्या जरा आत, ६३.५ मिलिमीटर, माझी ६१. अडीच मिलिमीटरनं काय होतंय म्हणत मी मॉडेलच्या दोन भिंती माझ्या पट्टीनं कापल्या आणि उरलेल्या पार्टनरनं तिच्या पट्टीनं. छत ठेवलं तर कोपऱ्यातून उजेड दिसतोय. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या रात्री. पट्टी तिकडेच जाऊन घ्या, आणि आणखी एक, त्यांचं टू बाय फोर लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, दोन बाय चार काढलंत तर पूर्ण प्लॅन सरकतो.

अशा युनिव्हर्सिटीत एखादा प्रोजेक्ट तरी चर्चचा, नाहीतर एखाद्या सेवाभावी संस्थेचा येतो. मला आलं चर्चचं. तलावपाळीला सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे, लहानपणापासून त्याच्यासमोरून जातेय, पण आत गेले होते फक्त नाताळात गव्हाणी बघायला, बाकी कुठे काय असतं याचा पत्ता नाही. मी बाकं लावली आणि माणसं मोजली आपल्या हिशोबानं, म्हणजे तिघांच्या बाकावर चार. सेंट्रल लाइनच्या लोकलवर वाढलेल्या माणसाला चौथी सीट ही बसायची जागाच वाटते. क्रिटला, म्हणजे प्रोफेसर सगळ्यांसमोर काम तपासतात तेव्हा, विचारलं, हा आकडा कुठून आला? त्यांच्या बिल्डिंग कोडमध्ये हात टेकायचे दांडे नसलेल्या बाकाला माणशी १८ इंच धरतात, त्यावरून माणसं किती, माणसांवरून दरवाजे किती आणि केवढे, सगळं एकाला एक बांधलेलं. माझी एक तृतीयांश माणसं जास्त होती आणि बाहेर पडायची दारं कमी. सिलिंग लाइटवर मी तीन रात्री घालवल्या होत्या, त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

तसंच व्हीलचेअरचं. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, वळायला ६० इंचाचं वर्तुळ, हे अमेरिकेत १९९० च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातून आलेलं आहे आणि पहिल्या सेमिस्टरपासून तपासतात. आपल्या डोळ्याला सवय अडीच फुटी बाथरूमच्या दाराची. प्लॅन काढायच्या आधी ते पाच फुटी वर्तुळ स्केलला कागदावर कापून घ्या आणि प्लॅनवर फिरवा, लगेच कळतं कुठे अडकतंय. मी अजूनही करते, कारण इथल्या आजीआजोबांनाही वॉकर लागतोच.

मॅकबुकचं उत्तर

रेव्हिट हे प्लॅन आणि थ्रीडी मॉडेल काढायचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही, विंडोजच लागतं. तोडगे आहेत, पण ज्युरीच्या रात्री तोडगा नको असतो. ग्राफिक्स कार्ड चांगलं असलेला विंडोज लॅपटॉप घ्या. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, कोणाच्या भावाकडून क्रॅक घेऊन जाऊ नका.

ज्या कागदांचं कोणी सांगत नाही

युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त आहे म्हणजे तुमचा कोर्सही आहे, असं नसतं. इंटिरियर डिझाइनच्या कोर्सला वेगळी मान्यता देणारी संस्था आहे, सीडा, १९७० साली दुसऱ्या नावानं सुरू झालेली. तिच्या यादीत त्या युनिव्हर्सिटीचा तोच कोर्स आहे का ते बघायचं. पुढे एनसीआयडीक्यूची, म्हणजे तिकडच्या इंटिरियर डिझायनरांची व्यावसायिक पात्रता परीक्षा द्यायची असेल तर याचा उपयोग होतो. आणि त्या परीक्षेचं गणित आधीच मांडून ठेवा, मी नाही मांडलं. बॅचलर्स असेल तर ३,५२० तासांचा कामाचा अनुभव लागतो. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिकडे काम करायची परवानगी, मिळते १२ महिन्यांची, म्हणजे आठवड्याला ४० तास धरले तरी साधारण २,०८०. इंजिनियर मुलांना मिळतं तसं दोन वर्षांचं एक्स्टेंशन इंटिरियर डिझाइनला नाही, कारण विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनियरिंग-गणिताच्या यादीत नाही. आमचा चुलतभाऊ म्हणायचा "अगं तीन वर्षं मिळतात सगळ्यांना", तो कॉम्प्युटरवाला. शिवाय ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. आणि शिकत असताना इंटर्नशिप करायची तर आधी सीपीटी (शिकताना काम करायची परवानगी) मंजूर होऊन नवीन आय-ट्वेंटी (युनिव्हर्सिटी देते तो व्हिसाचा फॉर्म) हातात येऊ दे, मग पाय ठेवा. "एक आठवडा आधी ये ना" असं फर्म गोड बोलून सांगते, त्यांचं काही जात नाही.

खायचं एका ओळीत: व्हेज म्हणून फरसबी वाढतात त्यात बेकन (डुकराचं मांस) असतं, चर्चच्या जेवणात हमखास, विचारून घ्या, कोणी रागवत नाही.

परत आल्यावर मी एक शेवटची चूक केली. व्हिजिटिंग कार्डवर "इंटिरियर आर्किटेक्ट" छापलं, तिकडे तसं म्हणतात म्हणून. एका ओळखीच्या आर्किटेक्टनं बाजूला घेऊन सांगितलं की १९७२ च्या कायद्यानं आर्किटेक्ट हे नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं. पाचशे कार्डं रद्दीत. आणि पहिल्याच साइटवर सुताराला ऐटीत सांगितलं, थ्री एट्थ इंच कमी करा. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, तीन सूत म्हणा की." आठ सुतांचा एक इंच, हे चार नाही पाच वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

काल रात्री साडेअकराला दुसऱ्या मजल्यावरून मेसेज आला, "ताई हँडबुक उघडलं, ११८ पानं आहेत 😭". मी लिहिलं, चॅपलपासून सुरू कर. पाच मिनिटांनी परत, "आई विचारतेय फरसबीचं पण लिहिलंय का त्यात".