शेवटच्या पाच मिनिटांत हुकमी कोण? असं तपासा

बास्केटबॉलमध्ये शेवटच्या क्षणी जास्त भरवशाचा कोण, मायकल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, हा वाद निघाला की मी आधी विचारतो : क्लच, म्हणजे सामन्याचा अटीतटीचा शेवट, नक्की कधी? बहुतेकांना सामना संपवणाऱ्या बझरच्या तोंडावरचा शॉटच आठवतो. अमेरिकेतली एनबीए लीग मात्र चौथ्या क्वार्टरची किंवा ओव्हरटाइमची शेवटची पाच मिनिटं धरते, तीही फरक पाच गुणांच्या आत असेल तेव्हाच. तुलना याच मिनिटांची करा, आणि एका सीझनवर निकाल देऊ नका. एवढ्याशा शॉटांत चार आत-बाहेर झाले तरी टक्केवारी कोलमडते.

नुसते गुणही मोजू नका. जो जास्त शॉट टाकतो त्याचे गुण वाढणारच. शॉटांच्या मानाने गुण किती आले ते बघा : टाकलेल्या फ्री थ्रोंना (फाउलनंतर मिळणारे बिनविरोध शॉट) 0.44 ने गुणा, त्यात टाकलेले सगळे शॉट मिळवा, बेरजेची दुप्पट करा आणि तिने गुणांना भागा. 1998 च्या एनबीए फायनल्सचा सहावा सामना घ्या : जॉर्डनचे 45 गुण, 35 शॉट, 15 फ्री थ्रो. उत्तर येतं साधारण 54 टक्के. त्या अजरामर रात्रीही त्याचे 35 पैकी 20 शॉट हुकले होते! हेच गणित क्लच मिनिटांसाठी करा आणि आधी त्याच खेळाडूच्या एरवीच्या आकड्याशी ताडून बघा. शेवटी बचाव आवळला जातो, त्यामुळे थोडी घसरण मी माफ करतो.

मग व्हिडिओ लावा, कारण खरी गंमत आकड्यांच्या बाहेर आहे. 1998 च्या त्याच सामन्यात समोरचा यूटाचा संघ 86-83 ने पुढे होता. जॉर्डनने लेअप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) मारला, मग मागून येऊन यूटाच्या कार्ल मलोनच्या हातातला बॉल काढला आणि 5.2 सेकंद उरले असताना विजयी शॉट टाकला. मलोनकडून बॉल काढला नसता तर तो शॉट आलाच नसता, पण गुणांच्या रकान्यात त्याची नोंद नाही. 1997 च्या फायनल्समध्ये दोन बचावपटू अंगावर आल्यावर जॉर्डनने सहकारी स्टीव्ह करला विजयी शॉटसाठी पास दिला, तोही त्याच्याच खाती धरा. लेब्रॉनने 2016 च्या फायनल्सच्या सातव्या सामन्यात प्रतिस्पर्धी इग्वादालाचा शॉट अडवला, तो ब्लॉकसुद्धा धरा. टर्नओव्हर, म्हणजे बॉल गमावणं, मात्र निर्दयपणे वजा करा.

आणखी एक : शेवटच्या काही सेकंदांत पिछाडीवरचा संघ मुद्दाम फाउल करतो, तेव्हा आघाडीवरच्या संघाचा सर्वांत भरवशाचा फ्री थ्रो मारणारा फुकटात गुण गोळा करतो. ते फ्री थ्रो वेगळ्या रकान्यात टाका.