वाघ आला तरी हरभऱ्याची जागल सोडू नका

हरभरा उगवून आला, तूर शेंगांवर आहे, कापसाची वेचणी चालू आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडच्या जंगलकाठच्या गावांत या दिवसांत एक बोलणं हमखास कानावर येतं: "वाघ फिरतोय ना, मग रोही-डुकरं आपोआप कमी होतील." रोही म्हणजे नीलगाय. या भरवशावर जागल, म्हणजे रात्रीची राखण, बंद करण्याचा विचार असेल तर थांबा.

वाघ वाढले, हे खरंच. राज्यात २००६ साली १०३ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ निघाले. पण एक वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं मारतो, आणि त्याचं पोट कायम भरत राहायला रानात पाचशेच्या आसपास जनावरं असावी लागतात. म्हणजे दहातलं एक तो उचलतो. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं देते, रोहीला बऱ्याचदा जुळी होतात. तूट भरून निघायला कितीसा वेळ लागणार?

शिकारी प्राणी आले की चरणारी जनावरं घटतात का, याचा एक दाखला बघा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ मध्ये लांडगे परत आणून सोडले. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं तिथलं मोठं हरण. उत्तरेकडच्या कळपातली त्यांची संख्या सुमारे १९ हजारांवरून २०१३ पर्यंत चार हजारांच्या आसपास उतरली. मात्र त्यात अस्वलं, प्यूमा (तिथली मोठी रानमांजरं), उद्यानाबाहेरची माणसांची शिकार आणि दुष्काळ यांचाही हात होता. एकट्या लांडग्यांच्या खात्यावर ते मांडता येत नाही.

आपल्याकडची गोम आणखी वेगळी आहे. रोही दाट जंगलात फारसा रमत नाही. माळ, झुडपं आणि आपली शेतं हेच त्याचं घर. डुकरांचा कळप दिवसभर नाल्याकाठच्या घाणेरीच्या झुडपांत किंवा उभ्या तुरीत पडून असतो. वाघाची खरी वर्दळ जंगलात, त्यामुळे पिकाचं सर्वांत जास्त वाटोळं करणाऱ्या जनावरांनाच त्याचा धाक कमी. चितळांचं उलटं होऊ शकतं: आत वाघ वावरू लागला की कळप जंगलाच्या काठाला सरकतो, आणि काठाला तुमचा हरभरा असतो.

म्हणून रोज सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारा. जनावर कुठून शिरतं ते खुरांवरून कळतं. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा ढीग दिसला तर त्याची ये-जा तिथूनच आहे असं समजा आणि राखण त्या बाजूला लावा. धुऱ्यालगतची घाणेरी आत्ताच तोडा, डुकरांचा आडोसा जाईल.

याच फेरीत वाघाचा पंजा दिसला तर त्या दिवशी तुरीत किंवा कापसात एकट्याने शिरू नका. वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाची चाल होण्याचा धोका उभ्या माणसापेक्षा जास्त. बायकांच्या टोळीसोबत एक जण उभा राहून नजर ठेवणारा असावा, आणि कामाला लागण्याआधी डबा वाजवून मोठ्यानं बोलत पीक हलवून घ्यावं. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून मोटार सुरू करायला एकटं जाणं टाळा. जागल जमिनीवर झोपून नको, मचाणावर, आणि दोघांनी.

शेतात वाघानं मारलेलं जनावर सापडलं तर ओढू नका, झाकू नका. वाघ त्यावर परत येतो. विष टाकण्याचा विचार मनातही आणू नका. वन विभागाला १९२६ वर फोन करा.

कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार अजून थांबलेला नाही. त्यात वाघ मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा लागतो, आणि बरेचदा मरतो तो शेजारचा शेतकरी किंवा घरचाच माणूस. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो, जनावर दचकून मागे फिरतं. अनुदानासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी वनरक्षकाकडे करा. तारांना गवत टेकलं की झटका उतरतो, तेव्हा खालचं गवत छाटत राहा.

पिकाचं नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्या, गाय-बैल मारला गेला तर ४८ तासांच्या आत. सातबारा सोबत ठेवा. फोटोत खुरांसोबत विहीर किंवा बांधावरचं झाड येऊ द्या, म्हणजे शेत ओळखता येतं. आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेल्या भागावर वखर फिरवू नका.