पक्ष्यांचे फोटो काढायचेत? आधी पक्षी बघायला बसा

पक्ष्यांचे फोटो सुरू करणारे सगळे आधी लेन्सचं विचारतात, आणि लेन्स लागतेच, ४०० एमएमच्या (लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा जितका मोठा तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो) खाली छोटा पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढा दिसतो, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल (त्यात तीच लेन्स पक्षी मोठा दाखवते) तर ३०० वरही सुरुवात होते. पण माझं ठाम मत विचाराल तर सुरुवातीला कॅमेरा बॅगेत ठेवा आणि दुर्बीण घेऊन एकाच जागी बसा, कारण पक्षी आता काय करणार हे ज्याला कळतं त्याला साध्या लेन्सवरही फोटो मिळतो.

पक्ष्यांच्या सवयी पक्क्या असतात. खंड्या मासा पकडून बरेचदा त्याच फांदीवर परत येतो, वेडा राघू हवेतल्या हवेत किडा पकडतो आणि फिरून पुन्हा त्याच काडीवर येऊन तो आपटत बसतो. ती काडी सापडली की अर्धं काम झालं, मग तुम्ही आधीच मागचं बॅकग्राउंड बघून, ऊन कुठून येतंय ते बघून, फोकस लावून तयार बसायचं आणि पक्ष्यालाच येऊ द्यायचं. त्याच्या मागे मागे पळालात तर उडून जाणारी शेपटी तेवढी मिळेल.

वाऱ्याकडे तर कोणी लक्षच देत नाही, खरं तर पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि तसाच उतरतो, म्हणजे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीमागे असतील तर पक्षी तोंड तुमच्याकडे करून, चेहऱ्यावर ऊन घेऊन येतो, यापेक्षा भारी जागा नाही. आणि बगळा किंवा शिकारी पक्षी बसलेला असेल तर नजर हलवू नका, उडायच्या जरा आधी तो पुढे झुकतो, पाय दुमडतो, पुष्कळदा शिटतो, ते दिसलं की बोट शटरवर.

जवळ जायचंच असेल तर सरळ त्याच्या दिशेने चालत जाऊ नका, तिरकं तिरकं जा, थोडं चालून खाली बसा, त्याला तुमची सवय होऊ द्या. त्याने खाणं थांबवलं, मान ताठ केली, ओरडायला लागला म्हणजे तुम्ही जास्तच जवळ गेलात, तिथून मागे या. गाडीत बसून, इंजिन बंद करून फोटो काढले तर पक्षी आश्चर्य वाटेल इतके जवळ येऊ देतात, कारण माणसाचा आकारच त्यांना दिसत नाही.

सेटिंगचं फार टेन्शन घेऊ नका. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाच्या आसपास शटर स्पीड, उडणाऱ्याला १/२००० किंवा वर, अपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) जेवढं उघडतं तेवढं, आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा ते) ऑटोवर, फोकस कंटिन्युअस मोडवर, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे तो फिरत राहतो, आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. आयएसओ वाढला म्हणून घाबरू नका, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बराच कमी करता येतो पण हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. उजळ आकाशासमोरचा पक्षी काळा येतो तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) +१ करा, आणि गडद झाडीसमोरचा पांढरा बगळा असेल तर उलटं, -१ करा, नाहीतर पिसांचा सगळा तपशील पांढऱ्यात जातो. सरावाला पंख वाळवत उभा असलेला पाणकावळा उत्तम, तो बराच वेळ हलत नाही.

फोकस डोळ्यावरच पाहिजे. बाकी अंग थोडं सॉफ्ट असलं तर चालतं, डोळा शार्प नसेल तर फोटो बाद. आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणा, चिखलात फिरणाऱ्या पक्ष्यासाठी सरळ पोटावर झोपा, उभं राहून वरून काढलेल्या फोटोत आणि या फोटोत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, बॅकग्राउंडही लांब जाऊन मऊ होतं. वेळ सकाळचीच, दुपारी जमीन तापली की हवा लहरते आणि लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने शार्प येत नाही.

आता घरट्यांबद्दल, आणि इथे मी अजिबात सूट देत नाही. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, पुढची पानं-फांद्या बाजूला करू नका, पक्षी उठून गेला की अंडी उन्हात किंवा थंडीत उघडी पडतात आणि कावळ्यांना पत्ता लागतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडतेय म्हणजे तिची अंडी किंवा पिल्लं जवळच जमिनीवर आहेत, आल्या वाटेने खाली बघत परत फिरा. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणं पण नको, त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय आणि तो खाणं सोडून भांडायला येतो. फोटो टाकताना दुर्मिळ पक्ष्याची किंवा घुबडाच्या ढोलीची जागा लिहू नका, फाइलमधली जीपीएसची जागेची नोंदही काढून टाका, कारण जागा कळली की दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते, आणि गर्दीत कधीकधी पक्षी पकडणारेही असतात.