चपलांच्या दुकानाचं वेबपान: नजरेच्या चालीने मांडणी कशी करावी

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुठेही बसा, कुस्ती दिसते. मधोमध मातीचा आखाडा, भोवती वर चढत गेलेली बैठक. शाहू महाराजांच्या काळातलं हे मैदान 1912 साली बांधून झालं. त्याच वर्षी जर्मनीत मॅक्स वर्टहायमर यांनी डोळ्याला हालचाल कशी दिसते यावर निबंध लिहिला आणि त्यातून गेस्टाल्ट मानसशास्त्र उभं राहिलं. आपल्याला ठिपके आणि रेघा सुट्या सुट्या दिसत नाहीत, मन त्यांची आधी जुळणी लावतं, असा त्याचा गाभा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मांडणी शिकवायला बसलो की मला दोन्ही आठवतात, कारण कुठून पाहिलं तरी काय दिसलं पाहिजे हे मैदान बांधणाऱ्याने आधी ठरवलं होतं, आणि दिसलेल्याची जुळणी मन कशी लावतं हे वर्टहायमर यांनी तपासलं.

आपण कोल्हापुरी चपलांच्या दुकानाचं एक वेबपान धरून चालू. हँडबिल, मेनू कार्ड, फ्लेक्स यांनाही हेच लागू पडतं.

आधी आखाडा ठरवा

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच भागात बारीक अक्षर स्पष्ट वाचता येतं, बाकीचं अंधुक असतं. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत पान चाचपतो. त्याची पहिली उडी कुठे पडावी हे कागदावर एका ओळीत लिहून काढा. आपल्या पानावर ती कापशी चपलेच्या (कोल्हापुरीचा एक प्रकार) फोटोवर पडावी.

आता त्या फोटोभोवती जागा सोडा. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "एवढी जागा रिकामी का? तिथं फोन नंबर टाका की." त्यांना एडगर रुबिन यांचं 1915 मधलं चित्र दाखवा: एकदा फुलदाणी दिसते, एकदा समोरासमोर दोन चेहरे, पण दोन्ही एका वेळी नाही. आकृती उठून दिसायला तिच्यामागे पार्श्वभूमी लागतेच. देवाचा फोटो, लोगो, सवलत आणि चप्पल सारख्याच आकारात आले, तर कशालाच पार्श्वभूमी उरत नाही.

जे एकमेकांचं आहे ते जवळ ठेवा

सगळ्यात जास्त चुका मी इथे पाहिल्या आहेत, आणि एक माझी स्वतःची आहे. आत्याच्या दुकानासाठी मी दरपत्रक केलं होतं. वर फोटो, खाली नाव, त्याखाली किंमत, मग पुढची चप्पल. सगळीकडे अंतर अगदी सारखं ठेवलं, कारण ते नीटनेटकं वाटत होतं. आठवडाभर माणसं वरची किंमत खालच्या चपलेची समजून आत्याशी वाद घालत होती. आत्या मला एवढंच म्हणाली, "बाळा, लोकांस्नी कळंना झालंय." मला फार वाईट वाटलं. तिच्या धंद्याच्या दिवसांत तिला नसता त्रास झाला होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. वर्टहायमर यांनी 1923 च्या लेखात जुळणीचे जे नियम मांडले, त्यात जवळीक हा ठळक नियम आहे: जवळजवळ असलेल्या गोष्टी मन एकाच घरच्या धरतं. फोटो, नाव आणि किंमत यांच्यात 8 पिक्सेल ठेवा आणि दोन चपलांमध्ये 32. चौकटी आखायची गरजही पडत नाही. बाहेरचं अंतर आतल्या अंतराच्या किमान दुप्पट हवं, हा माझा हिशेब आहे.

सारखं काम, सारखं रूप

दाबायची सगळी बटणं एका रंगाची आणि एका आकाराची ठेवा. तो रंग मग मथळ्याला वापरू नका, लोक मथळाच दाबत बसतात.

रंगांचा उजळपणा तपासा

अक्षर वाचता येतं ते अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकामुळे, रंग कितीही भडक असले तरी. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला 4.5 ला 1 एवढा फरक मागितला आहे, मोठ्या अक्षराला 3 ला 1. पिवळ्यावर काळं अक्षर 19 च्या पुढे जातं. पांढऱ्यावर पिवळं जेमतेम 1 वर राहतं. लाल आणि गडद हिरवा समोरासमोर कितीही उठावदार वाटले, तरी त्यांच्या उजळपणात फरक थोडाच असतो, आणि ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांचे तर हालच. एक सोपा उपाय: पानाचा फोटो काढून तो काळा-पांढरा करा. त्यात अक्षर हरवलं, तर रंग बदला.

देवनागरीला तिची जागा द्या

डोळ्याला सलग रेघेवरून चालायला आवडतं. आपल्या लिपीत ही रेघ तयारच असते: शिरोरेषा. तीच अक्षरांना बांधून शब्द करते. इंग्रजी मथळ्यांचं बघून अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते आणि "चप्पल" या शब्दाचे तुकडे पडतात. देवनागरीत हे अंतर शून्यच ठेवा.

ओळींमधली जागा मात्र वाढवा. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार. खाली उकार आणि जोडाक्षरं. ओळी दाटल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या 1.6 पट ओळ-उंची धरून सुरुवात करा. मुक्ता किंवा बलू हे फॉण्ट मोफत मिळतात, त्यांत मराठी नीट बसते.

हलतं काही टाळा

नजरेच्या कडेला बारीक दिसत नाही, पण हालचाल लगेच कळते. वर बॅनर सरकत असेल, तर किंमत वाचणारा डोळा परत परत वर ओढला जातो. बॅनर स्थिर ठेवा.

शेवटी पारख

पान छापून भिंतीला लावा, दहा पावलं मागं जा आणि डोळे बारीक करा. जे गडद ठिपके उरतील, तीच तुमची खरी मांडणी. मग मोबाइल घेऊन भर दुपारी रंकाळा तलावावर जा आणि उन्हात वाचून बघा. घरातल्या कुणाला तरी तीन सेकंद पान दाखवा, झाका आणि विचारा, काय विकायला होतं, केवढ्याला? उत्तर चुकलं तर आधी अंतर बदला, मग आकार, आणि रंगाला सगळ्यात शेवटी हात लावा.